हौसाक्कांचा सव्वा महिना

हौसाक्कांनी फोन उचलला की माझं सकाळभराचं काम पाण्यात जायचं. सहाला मी इंटरनेटसाठी कॉम्प्युटरवरून पुण्याला फोन जोडायचो, मोडेमची किरकिर ऐकत बसायचो आणि परदेशातल्या एका विद्यापीठाच्या यंत्रावरून एक फाइल मुंगीच्या पावलानं उतरायला लागायची. ऐंशी टक्के, पंच्याऐंशी, नव्वद. आणि बरोबर पावणेआठला बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "हालो! हालो! आवं, कोन किरकिरतंय हितं?" झालं! लाइन तुटली. तुटलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून उतरवायची. मी दारात जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहायचो, आणि हौसाक्का रिसीव्हरकडे बघत म्हणायच्या, "तुजं चालू व्हतं व्हय? मग सांगायचं न्हाई का रं." अहो, रोज सांगत होतो!

ही नव्वदीच्या शेवटाकडची, सांगलीतली गोष्ट. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीत मी कॉम्प्युटर बघायला होतो आणि हौसाक्का तिथल्या प्रमुख होत्या. म्हसवडकडच्या मेंढपाळ घरातल्या. लहानपणी मेंढरांमागं चालून चालून पायाला घट्टे पडलेले, ते साठीतही दाखवायच्या. साताऱ्याला नर्सिंग शिकल्या, तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली, रिटायर झाल्यावर ट्रस्टनं त्यांना इथं आणून बसवलं. काळ्याशा, उंच, नऊवारीवर पांढरा कोट. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आणि हिशेब कसलाही असो, बोटांच्या पेरांवर. अंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर ठेवायच्या आणि वर सरकवत जायच्या. दिवस, महिने, पेशंट, पाहुणे, सगळं त्या पेरांवर मावायचं. मी त्यांना एकदा कॅल्क्युलेटर आणून दिला, तर तो त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि वर मलाच म्हणाल्या, "सेल संपला तर काय करतोस मग?"

मी साताऱ्याचा, सव्वीस वर्षांचा, इंजिनिअर, आणि मला वाटायचं की सांगली जिल्ह्यात कॉम्प्युटर कळणारा मी एकटाच. रक्तदात्यांची यादी मी एका फुकट मिळणाऱ्या डेटाबेसवर बसवली होती. कुणाचा गट कोणता, कुठं राहतो, शेवटचं रक्त कधी दिलं, परत कधी देऊ शकेल. दोन रक्तदानांमध्ये तीन महिने जावे लागतात, तेव्हा ते महिने मोजायचं काम यंत्राचं. आता फुकट म्हणजे काय, तर तो डेटाबेस अजून घडतच होता. त्याचे कर्ते दर दोन-तीन आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायचे. काहींवर लिहिलेलं असायचं की ही कच्ची आहे, जपून. काहींवर लिहिलेलं असायचं की ही पक्की आहे. मला प्रत्येक नवी पक्की आवृत्ती त्याच दिवशी हवी असायची. का हवी असायची, हे आज नीट सांगता येणार नाही. नवं आलंय आणि आपल्याकडं नाही, याचा मला त्रास व्हायचा.

एकदा ती फाइल अखेर उतरली. हौसाक्का त्या दिवशी कुठल्याशा लग्नाला गेल्या होत्या म्हणून उतरली. मी ती लगेच बसवली, छाती फुगवून सगळ्यांना चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यादीच उघडेना. पक्की म्हणून दिलेली तीन दिवसांची आवृत्ती, आणि तिनं सगळी नावं गिळली होती! दोन दिवस आमचा लॅबमधला शिंदे जुन्या कार्डांच्या पेट्या उपसत बसला. तिसऱ्या दिवशी मी यादी परत उभी केली, तेव्हा हौसाक्का माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"किती दिसांची व्हती ती?"

"तीन. पण पक्की होती, अक्का. त्यांनीच लिहिलंय तसं."

"आई सांगतीयाच की, माजं बाळ गुटगुटीत हाय म्हनून. तीन दिसांचं लेकरू घिऊन कोन गावभर फिरतं का? बाळंतीन आन् बाळ सव्वा महिना उंबऱ्याच्या आत. का? तर काय दुखनं-खुपनं निगायचं ते तेवढ्यात निगतं. तुज्या त्या आवरुतीला सव्वा महिना हुं दे. तवर तिच्यात काय खोट निगाली न्हाई, तर आनायची. न्हाईतर न्हाई."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली त्या दिवसापासून त्यांच्या जुडग्यात गेली, आणि 'अक्कांना विचारल्याशिवाय हात लावणार नाही' असा शब्द माझ्याकडून घेतला गेला.

मग मी एक प्रोग्रॅम लिहिला. राग काढायला लिहिला म्हणा ना! रोज सकाळी सहाला कॉम्प्युटर आपणहून फोन लावील, त्या विद्यापीठाच्या यंत्रावर जाऊन बघेल, कच्च्या आवृत्त्या सोडून देईल, पक्क्यांतली सगळ्यात नवी शोधील, तिचं वय मोजील, आणि चाळीस दिवस भरले असतील तरच ती उतरवून घेईल. सव्वा महिन्याचे चाळीस दिवस अक्कांनीच पेरांवर मोजून दिले होते. प्रोग्रॅमला मी काहीतरी ऐटदार इंग्रजी नाव दिलं होतं. त्यांनी त्याला 'गडी' म्हणायला सुरुवात केली, आणि आठवड्याभरात सगळी रक्तपेढी गडीच म्हणू लागली. सकाळी आल्या आल्या अक्का विचारायच्या, "आला का तुजा गडी फिरून? काय म्हनतोय?"

गडी काय म्हणणार! पडद्यावर रोज एकच ओळ. "नवी पक्की आवृत्ती आहे. वय अकरा दिवस. थांबलो." मग बारा, मग तेरा. मग अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी ते परदेशी लोक त्याच्यातलं काहीतरी दुरुस्त करून आणखी नवी काढायचे, की गड्याची मोजणी पुन्हा एकपासून. माझं डोकं फिरायची वेळ आली. चाळीस दिवस काही केल्या भरेनात. जगातला सगळ्यात आज्ञाधारक नोकर मी बनवला होता, आणि तो काहीही आणत नव्हता.

गणपतीत मी अक्कांना हे पहिल्यांदा सांगितलं. फळ्यावर रेघा मारून, निम्मं इंग्रजीत. त्या ऐकत होत्या आणि मधेच वॉर्डातून फोन आला. दसऱ्याला दुसऱ्यांदा सांगितलं, त्या दिवशी आमचं रक्तदान शिबिर होतं, मीही रक्त दिलं आणि खाटेवर पडल्या पडल्याच विषय काढला. त्या माझ्या दंडाला पट्टी बांधत म्हणाल्या, "पडून ऱ्हा गप." दिवाळीच्या आधी तिसऱ्यांदा, यावेळी छापील कागद घेऊन. "अक्का, अशानं कधीच काही येणार नाही. त्यांच्या दुरुस्त्या आपल्यापर्यंत पोचतच नाहीत."

"वाडू दे रं. वाडलं की यील."

मी कागदाचा बोळा केला आणि त्यांच्यादेखत टोपलीत टाकला. म्हटलं, मरू दे. बसा तुमचा सव्वा महिना कवटाळून.

डिसेंबरच्या शेवटी एका नव्या आवृत्तीबरोबर दुरुस्त्यांची यादी आली. गडी ती छापून ठेवायचा. तिच्यात एक ओळ होती: तारखेत महिने मिळवताना वर्ष ओलांडलं तर उत्तर चुकत होतं, ते दुरुस्त केलं. मी ती ओळ वाचली. आमची यादी त्याच वर्षी उन्हाळ्यात बसवलेली, म्हणजे तिनं अजून जानेवारी पाहिलाच नव्हता. ऑक्टोबरपासून ज्यांनी रक्त दिलं त्यांचे तीन महिने आता पुढच्या वर्षात पुरे होणार होते. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, खोटं कशाला बोलू? पूर्ण आलं. मी उठून बाहेरच्या खोलीपर्यंत गेलोही. तिथं हौसाक्का फोनवर होत्या, मला बघून हातानंच म्हणाल्या, "मागनं, मागनं." मी परत फिरलो. कागद फाइलला लावला आणि संक्रांतीच्या रजेचा अर्ज लिहायला घेतला.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी कडेगावकडची एक बाई बाळंत झाली. पहिलं बाळंतपण, मुलगी झाली, आणि रक्त थांबेना. तिथून तिला सांगलीला आणलं. गट ओ निगेटिव्ह. पेढीत त्या गटाची एकच पिशवी होती, ती गेली. शिंद्यानं कॉम्प्युटर उघडला. त्या गटाचे दाते मुळात तीन. एक परगावी नोकरीला गेलेला, एक बाजारपेठेतला कापडवाला. तो बिचारा हातातलं गिऱ्हाईक सोडून आला. तिसऱ्या नावापुढं यंत्रानं लिहिलं होतं, "वेळ झाली नाही." तिसरं नाव माझं होतं.

शिंदे प्रामाणिक माणूस. यंत्र नाही म्हणतंय म्हणजे नाही. तो मिरजेला, कोल्हापूरला फोन लावत बसला. अक्का त्या वेळी हॉस्पिटलमध्ये त्या बाईच्या उशाशी उभ्या होत्या. दीड तासानं त्या पेढीत आल्या, पडद्यावर माझं नाव बघितलं आणि उभ्या उभ्याच अंगठा करंगळीवर ठेवला. शिंद्यानं हे मला नंतर सांगितलं. अक्का म्हणाल्या, "दसऱ्याला दिलं त्यानं, म्या सोता पट्टी बांदली. दसऱ्यापासनं दिवाळी, दिवाळीपासनं आमच्या म्हसवडच्या जत्रंचा रथ, आन् रथापासनं ही आज संक्रांत." पुटपुटत त्यांनी अंगठा तिन्ही पेरांवर फिरवला. "शिंद्या, तीन महिनं झाल्यात की रं! मशिन काय म्हनतंय हे?" आणि त्यांनी फोन उचलला.

मी साताऱ्यात घरच्या ओट्यावर बसून गुळपोळी खात होतो.

शेजाऱ्यांची जीप काढली. कराडपर्यंत सुरळीत आलो. आष्ट्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्या. हंगाम ऐन भरातला, एकामागं एक ट्रॅक्टर, आणि एक ट्रॉली रस्त्यात आडवी झालेली. मी जीपमधून उतरून ओरडत पळत होतो, "बाजूला घ्या ओ! रक्त द्यायचंय!" लोकांनी ऊस हातानं ओढून वाट केली, तरी अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासाबद्दल मला कधीच काही वाटलं नाही, ट्रॉली काय कुणीही आडवी होते. आधीचा दीड तास मात्र माझा होता.

पोचलो, खाटेवर पडलो. अक्कांनी स्वतः सुई घातली. बाई वाचली. पण डॉक्टरांना तोवर थांबता आलं नव्हतं, तिची गर्भपिशवी काढावी लागली. वय बावीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाक्कांनी मला बोलावलं. समोर माझीच फाइल होती.

"मशिन न्हाई का म्हनलं?"

मी सांगितलं. तारखेची खोट, तिची दुरुस्ती, ती कधी आली, गड्यानं का आणली नाही. आवाज चढवूनच सांगितलं, कारण मला वाटत होतं आता तरी कळेल या बाईला. "तुमच्या सव्वा महिन्यापायी झालं हे! मी तीनदा सांगितलं होतं, अक्का. गणपतीत, दसऱ्याला आणि दिवाळीला."

"व्हय. सांगितलंस." त्यांनी फाइल माझ्याकडं फिरवली. "आन् ही तारकंची खोट कळली तवा?"

मी फाइल उघडून तो डिसेंबरचा कागद त्यांच्यापुढं केला.

"चवथ्यांदा का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही ऐकतच नव्हता. मला राग आला होता."

"फोन उचलू नगा म्हनून रोज कोकलत व्हतास की माज्या नावानं. तवा न्हाई दमलास. आन् हे तीनदाच?" त्यांचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "म्या ऐकलं न्हाई ही माजी चूक. लय मोटी. तू गप बसलास ती तुजी. चुका दोगांनी केल्या आन् भोगली ती कडेगावची पोर."

मग त्याच पुढं म्हणाल्या, "आन् येक सांग. बाळ आजारी पडलं तर सव्वा महिना व्हायची वाट बगत्यात व्हय? त्याच दिशी दवाखान्यात न्हेत्यात. उनातान्हातनं न्हेत्यात. तू मला नवीन, नवीन म्हनत ऱ्हायलास. आवशद हाय म्हनला असतास तर म्या अडवलं असतं का रं?"

खरं सांगतो, माझ्या शिक्षणात हे मला कुणी असं शिकवलं नव्हतं. नवी सोय वेगळी आणि दुरुस्ती वेगळी. सोय थांबू शकते, दुरुस्ती थांबू शकत नाही. मी दोन्हींना एकाच नावानं हाक मारत आलो होतो. त्या दिवशी दुपारी गड्याला नवा नियम शिकवला. नुसती नवी असेल तर चाळीस दिवस थांब. दुरुस्ती असेल तर त्याच दिवशी आण, दुसऱ्या यंत्रावर उतरव, जुन्या यादीशी ताडून बघ आणि मला उठव. दुसऱ्या दिवशी सहाला गड्यानं फोन लावला. हौसाक्का साडेपाचलाच आल्या होत्या. बाहेरच्या खोलीत फोनशेजारी स्टूल टाकून, रिसीव्हरवर तळहात दाबून, त्या अडीच तास बसून राहिल्या. कुणी जवळ आलं की दुसऱ्या हातानं हाकलायच्या. फाइल शंभर टक्के उतरली तेव्हा मी बाहेर येऊन सांगितलं, तर म्हणाल्या, "उचलू का आता? वॉर्डाला इच्यारायचं ऱ्हायलंय."

मला वाटलं संपलं. कुठलं संपतंय! पंधरा दिवसांनी त्यांनी मला एसटीत घालून कडेगावला नेलं. वाटेत मी दहा वेळा म्हणालो, अक्का, कशाला? बाई वाचली, ते लोक आपले उपकार मानतायत, कशाला उकरून काढायचं? त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्या घरी आम्हाला पाट दिले, चहा दिला, सासूनं अक्कांच्या पायाला हात लावला. अक्कांनी तिचे हात धरून वर उठवलं आणि सांगून टाकलं. "पाया पडू नगा. आमच्याकडनं दीड तास उशीर झाला. तेवडा झाला नसता तर कदाचित पिशवी ऱ्हायली असती. माजी चूक हाय, आन् ह्याची."

नवरा उठून बाहेर गेला. ती पोर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर मुलगी. तिनं विचारलं, "आता दुसऱ्या कुनाचं आसं हुनार न्हाई न्हवं?"

अक्का माझ्याकडं वळल्या. "हा सांगंल."

"नाही होणार," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.

नंतर मी पुण्याला गेलो, अक्का काम सोडून म्हसवडला भावाच्या घरी राहायला गेल्या. वर्षातून एकदा मी भेटायला जायचो. एका वर्षी गेलो तर त्या ओसरीवर बसलेल्या, निम्म्या झालेल्या. गर्भपिशवीत गाठ आहे, ऑपरेशन सांगितलंय आणि त्या जात नाहीत, असं भावजयीनं दारातच कानात सांगितलं. तीस वर्षं दुसऱ्या बायकांना ऑपरेशनच्या टेबलावर चढवणारी बाई! मी म्हणालो, "अक्का, साताऱ्याला चला, मी गाडी आणलीय." त्या म्हणाल्या, "बगू." जेवताना परत म्हणालो. म्हणाल्या, "आता काय ऱ्हायलंय माजं." निघताना तिसऱ्यांदा म्हणालो, तर चिडल्या, "लय शाना झालास का? जा तुजा तू."

माझं टाळकं सटकलं. म्हटलं, मरू दे, ऐकायचंच नाही तर. चपला घातल्या, अंगण ओलांडलं, गाडीचं दार उघडलं. आणि तिथंच थांबलो. त्या फाइलला लावलेला कागद आठवला. परत फिरलो, ओसरीच्या पायरीशी उभा राहिलो आणि चपला न काढताच म्हणालो, "अक्का, गाठ वाढायची वाट बघू नका. आजारी आहात. आजच चला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मांडीवरचा हात उचलला. अंगठा करंगळीवर तळापासून सरकला, एक, दोन, तीन. करंगळी संपली. अंगठा शेजारच्या बोटाच्या पहिल्या पेरावर जाऊन टेकला आणि तिथंच राहिला.

"थांब," त्या म्हणाल्या, "लुगडं बदलून येते."